पिकअपचं आयुष्य – लेखांक ५ : इंजिनातलं पाणी

जुनी पिकअप घ्यायला गेलेला जाणता माणूस टायर नंतर बघतो. आधी इंजिन थंड आहे याची खात्री करून रेडिएटरची कॅप काढतो आणि तोंडाच्या आत बोट फिरवतो. बोटाला स्वच्छ रंगीत कूलंट लागलं, तर गाडी सांभाळणाऱ्याच्या हातात होती. पांढरट-तांबूस खपली निघाली, तर सांगितलेली किंमत कितीही कमी असो, पुढचा खर्च ठरलेला. गेल्या आठवड्यात एअर फिल्टर पाहिला, आज पाणी पाहू. बेलापूर, श्रीरामपूर, कोल्हार, राहुरी या पट्ट्यातल्या पिकअप वेळेआधी म्हाताऱ्या होतात, त्याचं मोठं कारण ओझं किंवा रस्ता नसून रेडिएटरमध्ये ओतलं जाणारं पाणी आहे, असं माझं ठाम मत आहे.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख उसाचा केला. त्याच उसाखाली वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं, तिथे बऱ्याच जमिनी खारवल्या, चोपण झाल्या आणि कित्येक विहिरी-बोअरचं पाणी जड झालं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी ढाब्यावरच्या नळाखाली कॅन धरून आपण इंजिनात ओततो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. समजा आपलं पाणी या ६०० वर आहे. रेडिएटर एकदाच भरला, तर दहा लिटरमध्ये सहा ग्रॅम क्षार आले. त्याने इंजिन मरत नाही. पण होज पाइपच्या क्लिपजवळून किंवा वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब थेंब गळतंय आणि ड्रायव्हर रोज सकाळी लिटरभर पाणी घालतोय, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत १८० ग्रॅम क्षार आत गेले. गळणाऱ्या पाण्याबरोबर सगळा क्षार बाहेर जात नाही, काही आत मागे राहतो. सगळाच चिकटत नाही, पण जो चिकटतो तो नेमका वाईट जागी चिकटतो. म्हणून ‘रोज थोडं पाणी घालावं लागतं, बाकी गाडी टकाटक आहे’ हे वाक्य मला फार काळजीचं वाटतं. गळती दीडशे रुपयांची असते. ती तशीच ठेवली की पुढे हेडच्या कामाचं बिल येतं.

वाईट जागी म्हणजे कुठे? बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात. चुनखडीचा क्षार उलटा वागतो, पाणी तापलं की तो बाहेर पडतो. त्यामुळे इंजिनात तो सर्वांत तापलेल्या भिंतीवर बसतो, म्हणजे हेडमध्ये, एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आजूबाजूला. उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता बिडाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते. कागदाएवढा थर बसला तरी आतला धातू तापत राहतो आणि ती उष्णता पाण्यापर्यंत पुरेशी पोचतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, धातूचं नाही. म्हणून ‘काटा मधेच होता आणि हेड गॅस्केट गेलं’ असं सांगणारा माणूस खरं बोलत असतो.

साधं पाणी घालायची सवय आली कुठून, याचाही विचार केला पाहिजे. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या काळात विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनं बसली. त्यातली कितीतरी इंजिनं पंपाने उपसलेलंच थोडं पाणी स्वतःभोवती फिरवून बाहेर सोडत. इंजिन सावकाश चालायचं, बीड जाड, पाणी सतत नवं. तिथे विहिरीचं पाणी चाललं म्हणून ते गाडीलाही चालेल, असं घराघरांत धरलं गेलं. आजच्या पिकअपचं इंजिन वेगळं आहे. हेड बहुधा ॲल्युमिनियमचं, टर्बो लावलेला, पाण्याच्या वाटा अरुंद आणि सगळं दाबाखाली बंद. त्याला पाण्याइतकीच त्यातल्या औषधाची गरज असते. कूलंटमधला ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतो, पण त्याहून मोलाची त्यातली गंजरोधक द्रव्यं. ती दोन-तीन वर्षांत संपतात, रंग मात्र तसाच राहतो. त्यामुळे रंगावर जाऊ नका, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीवर जा. नुसतं घट्ट कूलंट ओतणंही चूक, कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी ग्लायकॉल करू शकत नाही. मिश्रण डब्यावर दिलेल्या प्रमाणातच करावं आणि पाणी डिस्टिल्ड घ्यावं.

आता फेरफारांकडे येऊ. पहिला फेरफार आपल्याकडे सर्रास होतो आणि तो करू नये: थर्मोस्टॅट काढून टाकणं. एप्रिल लागला की गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, ‘काढून टाक, पाणी मोकळं फिरेल.’ थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. तोवर तो पाणी इंजिनातच फिरवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो नसेल तर सकाळच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन थंडच राहतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. बीएस-६ गाडीत तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायलाही इंजिन पुरेसं गरम लागतं. पण खरा घोटाळा पुढे आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना खालच्या तबकडीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि तापलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता थेट पंपाकडे परततं. भर उन्हात, भरल्या गाडीत, थर्मोस्टॅट नसल्यामुळेच इंजिन जास्त तापतं. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा, जागा रिकामी ठेवू नये.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे पंख्याचा क्लच जाम करून तो कायमचा फिरता ठेवणं, किंवा इलेक्ट्रिक पंखा लावून त्याचं बटण ड्रायव्हरच्या हाती देणं. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. ती डिझेलमधूनच येते. आणि दिवसभर स्टिअरिंगवर बसलेला माणूस बटण विसरणारच, त्यात त्याचा दोष नाही. क्लच कमजोर झाला असेल तर नवा घ्यावा.

मग काय करावं? सर्वांत आधी पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे शराउड, जागेवर आहे का ते बघा. अपघातानंतर किंवा रेडिएटर उतरवताना ते काढलं जातं आणि परत बसत नाही. ते नसेल तर पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. रेडिएटरच्या कडांच्या फटीही रबराच्या पट्टीने बुजवा. उसाच्या हंगामात पाचटाचा भुसा आणि धूळ इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या सापटीत नमद्यासारखी बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण आत हवा जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारावं, आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने नव्हे, नाहीतर पत्र्याच्या पाकळ्या वाकतात. जाळीसमोर लावलेली नावाची पाटी आणि जादा दिव्यांची पट्टी वर हलवा, हवेची वाट मोकळी होईल.

जास्त नळ्यांच्या रांगांचा रेडिएटर बसवणं हा खरा उपयोगी बदल आहे, पण घाटात भरून जाणाऱ्यांसाठीच. कोर जाड झाला की हवा ओढणं अवघड होतं, म्हणून शराउड आणि पंखा धड नसताना त्यावर पैसे घालू नयेत. आणि आतली खपली न काढता नवा रेडिएटर लावला, तर सुटलेले तुकडे काही महिन्यांत त्याच्याही नळ्या भरतात. सफाईला सौम्य सायट्रिक ॲसिड वापरावं, संडास साफ करायचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं. वरच्या होजमध्ये बारीक जाळीचा गाळक बसवला तर उरलेला कचरा तिथे अडतो. पहिले काही आठवडे तो वारंवार उघडून साफ करावा लागतो.

कॅपकडे तर कोणी बघतच नाही. बेलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. ०.९ बारची कॅप दाब धरत असेल, तर साधं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत आणि निम्मं कूलंट असलेलं पाणी सव्वाशेच्या आसपासपर्यंत टिकतं. रबर कडक झालेली कॅप हा सगळा फायदा घालवते, आणि मग पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होऊन पाणी ढकललंच जात नाही. कमी पैशात इतकं देणारा दुसरा भाग गाडीत नाही.

एक बदल मी प्रत्येक मालकाला आग्रहाने सांगतो. सिलिंडर हेडच्या धातूवर बोल्टने आवळायचा तापमानाचा सेन्सर आणि केबिनमध्ये बझर. पाइप फुटून पाणी निघून गेलं की मूळ सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. धातूवरचा सेन्सर पाण्याशिवायही खरं सांगतो. वाशीच्या बाजारासाठी कांदा भरून निघालेली पिकअप संगमनेर सोडून चंदनापुरीचा घाट चढते, तेव्हा पाइप फुटल्यापासून हेड वाकेपर्यंत मोजकीच मिनिटं हातात असतात. बझर वाजला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं, अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नये आणि तापल्या इंजिनावर थंड पाणी तर मुळीच ओतू नये.

उतरवलेलं जुनं कूलंट उघड्यावर सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि जनावरं ते चाटतात. डब्यात भरून बंद करावं आणि जुन्या ऑइलबरोबर ते घेणाऱ्याकडे द्यावं.

पुढच्या लेखांकात टर्बो पाहू, आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच का बंद करू नये तेही.