औषधाच्या डब्यावरील रंगीत खूण

एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात दोघा शेतकरी बंधूंचे बोलणे कानी पडले. एक म्हणत होता, "लाल खुणेचंच आण, कीड लगेच मरते." दुसरा म्हणाला, "मी हिरवंच घेतो. त्याला हातमोजे नकोत, काही नको." दोघांचाही समज चुकीचा होता, आणि असा समज पुष्कळांचा असतो.

कीटकनाशकाच्या डब्यावर किंवा बाटलीवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या भागात सूचना. ही खूण १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेली आहे. लाल रंगावर कवटी, दोन हाडे आणि 'पॉइझन' हा शब्द असतो. पिवळ्यावर कवटी नसते, पण 'पॉइझन' हाच शब्द असतो. निळ्यावर 'डेंजर', म्हणजे धोका, आणि हिरव्यावर 'कॉशन', म्हणजे सावधान, असे लिहिलेले असते. कीड किती लवकर मरेल याचा या रंगाशी काहीही संबंध नाही. रंग सांगतो तो माणसाच्या जिवाला असलेला धोका.

हा धोका मोजतात कसा? प्रयोगशाळेत उंदरांना औषध देऊन पाहतात. ज्या मात्रेने निम्मे उंदीर मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये लिहितात. तिला 'एलडी ५०' म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके विष जहाल. इथेच पुष्कळांची गफलत होते. पोटात गेलेल्या विषासाठी लाल खुणेचा आकडा १ ते ५०, पिवळ्याचा ५१ ते ५००, निळ्याचा ५०१ ते ५००० आणि हिरव्याचा त्याहून अधिक. उंदराचा हिशेब माणसाला तंतोतंत लागू पडत नाही. पण अंदाजासाठी ६० किलोचा माणूस धरला, तर लाल गटातील सर्वांत सौम्य विषही ३ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभरसुद्धा नाही, एवढे घातक ठरते. कातडीतून अंगात जाणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे आहेत. फवारणी करणाऱ्याच्या पोटात औषध क्वचितच जाते. ते जाते पंपाच्या गळतीने भिजलेल्या पाठीतून आणि औषध मोजताना उघड्या असलेल्या हातांतून.

मोनोक्रोटोफॉस लाल खुणेचे. वाळवीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस पिवळ्या खुणेचे आणि मॅलॅथिऑन निळ्या. आपण बटाट्याच्या करप्यावर मारतो ते मँकोझेब हिरव्या खुणेचे.

मग हिरवे म्हणजे निर्धोक का? नाही. ही खूण फक्त तत्काळ मरणाचा हिशेब सांगते. मँकोझेबने अंगावर पुरळ येते, डोळे चुरचुरतात. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्याने काय होईल, हे रंगावरून कळत नाही. पॅराक्वाट या तणनाशकाचेच पाहा. त्याची खूण पिवळी, लाल नव्हे. पण त्याच्यावर उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला तरी फुफ्फुसे निकामी होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून रंग पाहून झाल्यावर आतले माहितीपत्रक वाचलेच पाहिजे. विषबाधेची लक्षणे आणि उतारा त्यातच असतो. ते हिंदी, इंग्रजी व त्या भागातील एक-दोन भाषांत छापतात. आपल्या सीमाभागात ते बहुधा कन्नडमध्ये मिळते. ते वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा कसला?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मरण पावले, शेकडोंना इस्पितळात न्यावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. रिकामा डबाही तितकाच घातक. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातील तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. २३ मुले दगावली. आपल्याकडे औषधाच्या कॅनमधून रॉकेल आणि पाणी नेणारे अजून दिसतात. कॅन कितीही वेळा धुतला तरी त्याचा घरात उपयोग करू नये. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे तो फोडून, वस्ती व विहिरीपासून दूर पुरावा.

फवारताना खूप घाम सुटला, तोंडाला लाळ आली, छाती आवळली, डोळ्यांपुढे धूसर झाले किंवा मळमळू लागले, तर उन्हाचा त्रास समजून सावलीत पडून राहू नका. काम थांबवा. कपडे उतरवून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. दूध पाजू नका. बोट घालून उलटी करवू नका. लगेच दवाखाना गाठा आणि बाटली व माहितीपत्रक बरोबर न्या. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यांच्यावर ॲट्रोपीनचे इंजेक्शन चालते, पॅराक्वाटवर चालत नाही; कोणते औषध अंगात गेले हे डॉक्टरांना त्या बाटलीवरूनच कळते.