चार पोहणारे, तीन सांधे

अमेरिकेत शालेय जलतरण स्पर्धा रिलेने सुरू होते आणि रिलेनेच संपते. सर्वांत आधी २०० यार्डांची मेडले रिले (चौघे चार वेगवेगळे प्रकार पोहतात ती), मध्ये २०० यार्डांची फ्रीस्टाइल रिले आणि अखेरीस, सगळ्यांचे खांदे भरून आलेले असताना, ४०० यार्डांची फ्रीस्टाइल रिले. तिथल्या शालेय अजिंक्यपद स्पर्धांत रिलेला वैयक्तिक शर्यतीच्या दुप्पट गुण असतात. सोळाव्या क्रमांकापर्यंत गुण देणाऱ्या अजिंक्यपद स्पर्धेत एकट्याने शर्यत जिंकली तर २० गुण आणि चौघांनी मिळून रिले जिंकली तर ४०. शिवाय एका मुलाला जास्तीत जास्त चार शर्यतींत उतरता येतं आणि त्यांतल्या वैयक्तिक फक्त दोन. त्यामुळे करंडक कुणाच्या कपाटात जाणार हे बऱ्याचदा रिलेच ठरवतात.

या वातावरणात वाढलेली मुलं पुढे कुठवर पोहोचतात पाहा. पेनसिल्व्हेनियातली मर्सर्सबर्ग अकॅडमी, न्यू जर्सीतलं पेडी स्कूल आणि फ्लोरिडातलं बोल्स स्कूल ही तिथली ‘प्रेप स्कूल’, म्हणजे मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या खासगी शाळा. मेल स्टुअर्ट मर्सर्सबर्गचा, नेल्सन डीबल पेडीचा. दोघांनीही १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. सिंगापूरला २०१६ मध्ये पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा जोसेफ स्कूलिंग आणि त्याच रिओ ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक गाजवणारा रायन मर्फी हे दोघे बोल्सचे.

पण मला इथे सांगायचं आहे ते एका बेरजेबद्दल. चौघा मुलांच्या ५० यार्डांच्या वैयक्तिक वेळा कागदावर मांडा आणि त्यांची बेरीज करा. मग त्याच चौघांनी रिलेत दिलेली वेळ पाहा. रिलेची वेळ बहुधा एक-दीड सेकंदाने कमी भरते. तलाव तोच, पाणी तेच, मुलंही तीच, तरी सेकंद वाचतात. ते वाचतात एकाने भिंतीला हात लावण्याच्या आणि दुसऱ्याने ब्लॉक सोडण्याच्या सांध्यात. चौघांच्या रिलेत असे तीन सांधे असतात. रिलेतला सर्वांत स्वस्त वेग तिथे मिळतो आणि सरावात सर्वांत कमी लक्षही तिथेच दिलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

वैयक्तिक शर्यतीत भोंगा वाजल्यापासून पाय ब्लॉकवरून सुटेपर्यंत साधारण ०.६ ते ०.७ सेकंद जातात. आवाज कानावर पडून स्नायूंना आज्ञा पोहोचायला यातला थोडाच वेळ लागतो. उरलेला वेळ स्तब्ध शरीराला रेटा देऊन पुढे फेकण्यात खर्च होतो. रिलेत मात्र नियम फक्त पायांना बांधतो. आधीच्या खेळाडूचा हात भिंतीला लागेपर्यंत पायाचा काही भाग ब्लॉकला टेकलेला हवा, एवढीच अट. हात फिरू शकतात, वजन पुढे जाऊ शकतं, कंबर पाण्यावर झुकू शकते. उडीची सगळी तयारी आधीच उरकलेली असते आणि शेवटचा अंगठा तेवढा ब्लॉकवर राहिलेला असतो. मुरलेला खेळाडू आधीच्याच्या स्पर्शानंतर ०.१ सेकंदाच्या आसपास ब्लॉक सोडतो. प्रत्येक सांध्यात अर्धा सेकंद वाचला, तर तिन्हींत मिळून दीड. बेरजेतला फरक इथेच भरून निघतो.

पहिल्या खेळाडूला हा फायदा नसतो, कारण तो भोंग्यावरच सुटतो. म्हणून रिलेतल्या फक्त पहिल्या खेळाडूची वेळ वैयक्तिक विक्रम म्हणून मान्य होते. रिओमध्ये रायन मर्फीने १०० मीटर बॅकस्ट्रोकचा ५१.८५ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो मेडले रिलेच्या पहिल्या टप्प्यात. मेडले रिलेत बॅकस्ट्रोकच पहिला असतो, कारण त्याची सुरुवात पाण्यात उतरून, भिंतीला धरून होते. तो मध्ये ठेवला असता तर येणारा आणि जाणारा एकाच भिंतीपाशी एकमेकांच्या वाटेत आले असते.

आता या सांध्याची अवघड बाजू. ब्लॉकवर उभ्या मुलाने स्पर्श डोळ्यांनी दिसेपर्यंत वाट पाहिली तर तो हरलाच. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला ०.२ सेकंद लागतात, त्यानंतर उडीची हालचाल. म्हणून हात फिरवायला सुरुवात करायची ती साथीदार भिंतीपासून मीटर-दीड मीटर दूर असतानाच. तो कधी पोहोचेल याचा अंदाज बांधायचा आणि आपली हालचाल त्या भविष्यातल्या क्षणावर नेऊन ठेवायची. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक उंच उडालेला चेंडू जिथे पडणार तिकडे आधीच धावत सुटतो, तसंच हे काम आहे. इथे चुकीला जागा मात्र सेकंदाच्या काही शतांशांची.

हा अंदाज निम्मा येणाऱ्याच्या हाती असतो. तो दमलेला असतो आणि शेवटच्या पाच मीटरांत त्याचा स्ट्रोक बिघडतो. कुणी भिंत जवळ दिसली की हात लांबवून नुसताच सरकत राहतो, कुणी घाईने एक आखूड स्ट्रोक जादा मारतो. दोन्ही वेळा ब्लॉकवरच्याचा हिशेब कोलमडतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये हे आणखी कठीण, कारण या प्रकारांत एकाच स्ट्रोकच्या आत वेग चढतो आणि उतरतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय पोटाकडे ओढले जातात तेव्हा शरीर क्षणभर जवळजवळ थबकतं. बॅकस्ट्रोकवाल्याला तर भिंत दिसतच नाही. डोक्यावरच्या पताका ओलांडल्या की तो स्ट्रोक मोजत येतो. म्हणून मेडलेतला प्रत्येक सांधा वेगळा शिकावा लागतो आणि तोही त्याच जोडीने, पुन्हा पुन्हा.

घाई झाली तर संपूर्ण संघ बाद. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भिंतीवरची स्पर्शपाटी आणि ब्लॉकमधली संवेदक यंत्रणा मिळून हा फरक मोजतात. यंत्राच्या मोजणीतल्या चुकीसाठी ०.०३ सेकंदांची सूट आहे, उणे ०.०३ चालतं, उणे ०.०४ चालत नाही. २००७ मध्ये मेलबर्नच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मेडले रिलेच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेचा इयन क्रॉकर उणे ०.०४ला सुटला आणि त्या वेळची जगातली सर्वांत बलाढ्य चौकडी अंतिम फेरीत पोहोचलीच नाही. मायकल फेल्प्सने त्या स्पर्धेत सात सुवर्णपदकं जिंकली होती; आठवं या शतांशात गेलं. सेकंदाला दोन मीटर या वेगाने ०.०१ सेकंद म्हणजे दोन सेंटिमीटर.

शालेय प्रशिक्षकाला हा जुगार रोज तोलावा लागतो. प्राथमिक फेरीत ०.१ सेकंद वाचवून काहीच हाती लागत नाही. बाद झालं तर ४० गुणांची आशाच संपते. तिथे मुलांना सबुरीने सुटायला सांगणं शहाणपणाचं. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक सांध्यात पाव सेकंद जादा घालवणारा संघ तीन सांध्यांत पाऊण सेकंद, म्हणजे दीड मीटर मागे पडतो. ब्लॉकच्या मागच्या कडेवरून एखादं पाऊल टाकत सुटण्याची पद्धतही आहे. त्यामुळे पुढे झेपावण्याचा वेग वाढू शकतो, पण हालचाल लांबली की अंदाजही लांबतो. शाळकरी मुलांनी आधी जागेवरून, नुसत्या हातांच्या फेकीने सुटायला शिकावं असं मला वाटतं.

मुलं कोणत्या क्रमाने उतरवायची, हा तर चक्क गणिताचा प्रश्न आहे. मेडलेत चौघांना चार प्रकार वाटून द्यायचे तर २४ पर्याय होतात. ‘ज्याचा जो प्रकार सर्वांत चांगला तो त्याला’ हे सोपं उत्तर अनेकदा चुकतं. समजा, अ हा मुलगा बटरफ्लाय २४ सेकंदांत आणि बॅकस्ट्रोक २५ सेकंदांत पोहतो. ब बटरफ्लाय २५ सेकंदांत आणि बॅकस्ट्रोक २८ सेकंदांत. दोघांचाही बटरफ्लाय सरस, आणि त्यात अ पुढे. पण अला बटरफ्लाय दिला तर बेरीज ५२ सेकंद होते. त्याला बॅकस्ट्रोकला पाठवलं तर ५०. असे वाटपाचे प्रश्न झटपट सोडवायची रीत हॅरोल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने १९५५ मध्ये मांडली. हंगेरीच्या दोन गणितज्ञांच्या कामावर ती उभी असल्याने तिला ‘हंगेरियन पद्धत’ म्हणतात आणि मेडले रिले हे तिचं पाठ्यपुस्तकांतलं आवडतं उदाहरण आहे. शालेय स्पर्धेत त्यावर तीन रिले आणि चार शर्यतींची मर्यादा येते. मग सर्वांत वेगवान मुलगा पहिल्या रिलेत खर्च करायचा की शेवटच्या दोन रिलेंसाठी राखायचा, हे प्रतिस्पर्धी शाळेची यादी पाहूनच ठरतं.

सांध्यांतले सेकंद वजा केले तरी एक प्रश्न उरतो. आपल्या संघासाठी पोहताना माणूस खरोखर अधिक जोरात पोहतो का?

उलट पुरावा जुना आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला, तेव्हा माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. १९१३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे १९८९ मध्ये किप्लिंग विल्यम्स, बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न कॉलेजच्या जलतरणपटूंना घेऊन पाण्यात नेला. प्रत्येकाची वेळ जाहीर होत नव्हती तेव्हा मुलं एकट्याने पोहताना अधिक वेगवान होती, रिलेत मंद. प्रत्येकाची वेळ मोठ्याने सांगितली जाऊ लागली तेव्हा चित्र उलटलं आणि तीच मुलं रिलेत सरस ठरली. शाळेच्या तलावावर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा हा निष्कर्ष आहे. फलकावर फक्त संघाची वेळ लावायची की चौघांची स्वतंत्र, यानेही फरक पडतो.

अव्वल खेळाडूंबाबत संशोधकांत मतभेद आहेत. योआखिम ह्युफमायर आणि गुइडो हेर्टेल यांनी बीजिंग ऑलिंपिकच्या वेळा तपासल्या. सांध्याचा फायदा वजा केल्यावरही रिलेत मागून उतरणारे खेळाडू वैयक्तिक वेळेपेक्षा वेगवान होते आणि पहिला खेळाडू जवळजवळ तसाच राहिला, असं त्यांनी २०११ मध्ये लिहिलं. शेवटच्या खेळाडूची चूक भरून काढायला कुणी उरत नाही, हे ओझंच त्याला पुढे रेटतं, असं त्यांचं म्हणणं. पण २०१६ मध्ये साबरीना स्कोर्स्की आणि सहकाऱ्यांनी वेगळी आकडेवारी तपासून सांगितलं की सुटण्याचा वेळ वजा केला की फरक उरत नाही.

मला या वादाच्या दोन्ही बाजू दोन माणसांत दिसतात. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, ४ गुणिले १०० मीटर फ्रीस्टाइल रिले. अंतिम फेरीत शेवटच्या टप्प्याला फ्रान्सचा अलँ बर्नार अमेरिकेच्या जेसन लेझॅकपेक्षा ०.५९ सेकंद आधी पाण्यात पडला. पहिले ५० मीटर बर्नारने २१.२७ सेकंदांत संपवले, लेझॅकने २१.५० मध्ये, म्हणजे अंतर ०.८२ पर्यंत वाढलं. पण पाणी उतावळ्याला महागात पडतं. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या. वेग पाच टक्के वाढवायचा तर सुमारे सोळा टक्के जादा शक्ती हवी. बर्नारने ती आधीच खर्च केली होती. तो दोघांमधल्या दोरीला खेटून पोहत होता आणि लेझॅकही त्याच बाजूला सरकून त्याच्या किंचित मागे राहिला. पुढच्याच्या कमरेशी राहून पोहणाऱ्याचा अवरोध काही टक्क्यांनी कमी होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. लेनच्या दोऱ्या लाटा मोडतात, पण पूर्ण नाही. अमेरिका ३ मिनिटं ८.२४ सेकंद, फ्रान्स ३ मिनिटं ८.३२.

लेझॅकचा टप्पा ४६.०६ सेकंदांचा होता. त्याच ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक १०० मीटरला त्याने ४७.६७ची वेळ देऊन कांस्य विभागून घेतलं. फरक १.६१ सेकंद. सांध्याचे ०.६ काढले, तरी जवळजवळ एक सेकंद उरतो. बत्तीस वर्षांच्या त्या माणसाने तो सेकंद त्या दिवशी कुठूनतरी काढला.

त्याचा टप्पा १६ वर्षं सर्वांत वेगवान राहिला. २०२४ मध्ये पॅरिसला चीनच्या पान झान्लने मेडले रिलेचा शेवटचा टप्पा ४५.९२ सेकंदांत पोहून तो मागे टाकला आणि या शर्यतीत ऑलिंपिकमध्ये उतरून कधीही न हरलेल्या अमेरिकेच्या पुरुषांना हरवलं. काही दिवस आधी पानने वैयक्तिक १०० मीटरमध्ये ४६.४०चा विश्वविक्रम केला होता. फरक ०.४८, जवळपास सांध्याएवढाच. विक्रमाच्या दिवशी तो एकट्यानेही सर्व काही देऊन बसला होता, मग रिलेसाठी जादा काढणार कुठून? लेझॅककडे शिल्लक होती. संघ माणसाला त्याच्या मर्यादेपलीकडे नेत नसावा. एरवी तो जिथे थांबतो तिथून मर्यादेपर्यंत नेत असावा. दोन्ही अभ्यास मला याच अर्थाने खरे वाटतात.

आपल्याकडच्या अनेक शालेय स्पर्धांत स्पर्शपाटी नसते आणि सुटण्याचा निर्णय कडेला उभ्या पंचाच्या डोळ्यांवर असतो. सरावाला मात्र त्यामुळे अडायचं कारण नाही. आता बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा संथगती कॅमेरा असतो. फोन ब्लॉकच्या बाजूला असा धरायचा की भिंतीवरचा हात आणि वरचे पाय एकाच चौकटीत येतील. दोन चित्रांमध्ये साधारण चार सहस्रांश सेकंद जातात. हात लागल्यापासून पाय सुटेपर्यंतची चित्रं मोजली की झालं. ०.१ सेकंद म्हणजे २४ चित्रं. चौकडीतल्या प्रत्येक जोडीचे दहा-दहा सांधे असे टिपून वहीत लिहिले की कोण फार थांबतो, कोण घाई करतो आणि कुणाचा शेवटचा स्ट्रोक रोज वेगळा पडतो, हे आठवडाभरात कळतं.