बाळंतिणीचे मन
(लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी)

आपल्या समाजातले पुष्कळ आजी-आजोबा हल्ली अमेरिकेचे तिकीट काढतात ते एकाच कामासाठी. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, मऊ जुन्या साड्यांची दुपटी, आणि बाळ सुखरूप झाले की मलिदा करायचा म्हणून पोहे. अंगाची काळजी कशी घ्यायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मालिश, शेक, गरम जेवण, सगळे आपल्या हातात बसलेले आहे. पण बाळंतिणीच्या मनाला काही झाले तर काय पाहायचे आणि काय करायचे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. मी अमेरिकेत बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षे नर्सचे काम केले. तिथे जे पाहिले आणि शिकले, त्यातले उपयोगाचे ते या वेळी लिहीत आहे.

तीन वेगळ्या गोष्टी

बाळंतपणानंतर रडू येते, हे सगळ्याच जणींना माहीत आहे. पण प्रत्येक रडणे सारखे नसते. डॉक्टर त्याचे तीन प्रकार मानतात.

पहिला प्रकार अगदी साधा. बाळ झाल्यावर दोन-तीन दिवसांत उगीच डोळे भरून येतात, चिडचिड होते, घटकेत हसू, घटकेत रडू. दहातल्या सात-आठ जणींना हे होते. गरोदरपणी वाढलेले संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, प्रमाण बाळंतपणानंतर एकदम खाली येते, त्यात जागरण. याला औषध लागत नाही. झोप, जेवण आणि मायेचा शब्द पुरतो. मुख्य खूण अशी की हे दोन आठवड्यांच्या आत ओसरते.

दुसरा प्रकार म्हणजे नैराश्य, इंग्रजीत डिप्रेशन. अमेरिकेत बाळंत झालेल्या साधारण आठांपैकी एकीला त्याची लक्षणे जाणवतात. हे दोन आठवड्यांनी ओसरत नाही, उलट वाढते. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही. जेवण जात नाही. कशातच रस वाटत नाही. 'मी चांगली आई नाही' हे एकच वाक्य मनात फिरत राहते. काही जणींना उदास वाटण्यापेक्षा भीतीच जास्त वाटते. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे त्या रात्रीतून वीस वेळा पाहतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: हे गरोदरपणातही सुरू होऊ शकते आणि बाळ झाल्यावर वर्षभरात केव्हाही. आपल्या रिवाजाप्रमाणे मुलाचे चाळीस किंवा मुलीचे ऐंशी दिवस झाले, पाहुणे परतले, आजीचा व्हिसा संपत आला, नवरा कामावर रुजू झाला, की नेमके त्याच वेळी ते डोके वर काढते.

तिसरा प्रकार क्वचित होतो, हजारात एक-दोघींना, पण तो सर्वांत धोक्याचा. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-चार आठवड्यांत, बहुधा अचानक, बाई वेगळीच वागू लागते. दोन-दोन रात्री झोपत नाही तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल काहीतरी भलतेच मनात धरून बसते. जुनी माणसे याला बाळंतवात म्हणत, कोणी बाहेरचे लागले म्हणत. हा मेंदूचा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. मात्र यात तास मोजायचे असतात. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडू नका आणि अमेरिकेत असाल तर ताबडतोब ९११ ला फोन करा.

हा काही नवीन आजार नाही

पुष्कळ आजी मला म्हणाल्या आहेत, 'आम्हांला सहा-सहा मुले झाली, आम्हांला नाही असले काही झाले.' झाले असेलही. तेव्हा त्याला नाव नव्हते, इतकेच. आणि तेव्हा वाड्यात सासू, जाऊ, नणंद, शेजारीण अशा पाच जणी बाळ घ्यायला होत्या. अमेरिकेतली मुलगी चार भिंतींत एकटी असते. साध्या बाळंतपणात दोन दिवसांनी, सिझेरियन असेल तर चार दिवसांनी, बहुतेक जणी घरी येतात. सरकारी कायद्याने मिळणारी रजा बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी, आणि तीदेखील सगळ्यांना लागू नाही. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, ती तुलनेला आठवावी.

पण माणसे भोवती असली म्हणजे हा आजार होतच नाही, असेही नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास करून तो २००२ साली प्रसिद्ध केला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना शंभरातल्या तेवीस जणींना नैराश्य आढळले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी होणे, या गोष्टींनी धोका वाढलेला दिसला. मुलगी होणे हा आजार नव्हे. 'या वेळी मुलगा हवा होता' हे घरातले बोल मात्र बाळंतिणीच्या जिव्हारी लागतात.

आपल्या समाजाला या विषयात एक मोठा वारसा आहे. डॉ. जेरुशा झिराड आपल्यातल्या. १९२८ ते १९४७ त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतल्या बायका बाळंतपणात का दगावतात याचा त्यांनी शोध घेतला आणि त्याचा अहवाल १९४१ मध्ये छापून आला. तेव्हाची कारणे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तक्षय अशी असत. आज तोच प्रश्न अमेरिकेत विचारला जातो. गरोदरपणापासून बाळंतपणानंतर एक वर्षापर्यंत दगावलेल्या प्रत्येक बाईची माहिती राज्याराज्यांच्या समित्या तपासतात. २०१७ ते २०१९ या काळातल्या छत्तीस राज्यांच्या आकड्यांत पहिल्या क्रमांकाचे मूळ कारण निघाले ते मनाचे आजार, म्हणजे आत्महत्या आणि अमली पदार्थांचे अतिसेवन धरून. शंभरातले जवळजवळ तेवीस मृत्यू त्यामुळे झाले. त्याच समित्यांच्या मते सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंतले शंभरातले ऐंशीहून अधिक टाळता येण्यासारखे होते. म्हणूनच हा विषय मी आपल्यापुढे मांडते आहे.

दहा प्रश्नांचा कागद

अमेरिकेत बाळंतिणीच्या हातात बहुधा एक कागद देतात. त्याचे नाव एडिनबरो स्केल. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. जॉन कॉक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो तयार केला. गेल्या सात दिवसांत कसे वाटले, यावर दहा प्रश्न असतात: हसू येते का, उगीच स्वतःला दोष देता का, भीती वाटते का, झोप लागते का. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. एकूण गुण तीस. दहा-बाराच्या वर गेले तर डॉक्टर अधिक चौकशी करतात. शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी चौकशी व्हायला हवी.

बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या तपासणीत बाळाच्या डॉक्टरांनीच आईलाही हे प्रश्न विचारावेत, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले आहे. न्यू जर्सीने तर २००६ साली कायदा करून अशी तपासणी बंधनकारक केली. तिथले माजी गव्हर्नर रिचर्ड कोडी यांच्या पत्नी मेरी जो कोडी यांनी स्वतःचे बाळंतपणानंतरचे नैराश्य उघडपणे सांगितले होते. गव्हर्नरच्या घरातली बाई बोलली, म्हणून हजारो घरांतल्या बायकांना बोलता आले.

यात आपले काम छोटे, पण महत्त्वाचे आहे. मुलगी तो कागद भरत असेल तेव्हा खोलीबाहेर जाऊन बसा. मी अनेकदा पाहिले आहे, सासू किंवा आई शेजारी बसली की प्रत्येक उत्तर 'सगळे छान' असे येते. बाहेर नेले की तीच मुलगी रडत वेगळे उत्तर देते. 'खरे सांगितले तर सरकार बाळ घेऊन जाईल' अशी भीतीही परदेशात राहणाऱ्यांच्या मनात असते. उदास वाटते, एवढे सांगितल्याने कोणी बाळ घेऊन जात नाही. तो कागद मदत देण्यासाठी आहे.

उपचार काय असतात

आधी डॉक्टर रक्त तपासतात, कारण थायरॉइड बिघडले किंवा रक्त कमी झाले तरी माणूस असाच गळून जातो. सौम्य नैराश्य समुपदेशनाने, म्हणजे जाणकार माणसाशी ठरावीक दिवशी बोलण्याने, बरे होते. जास्त असेल तर गोळ्या देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा सर्ट्रालिन हे औषध देतात, कारण ते दुधात फारच थोडे उतरते. तेव्हा 'औषध घेतेस तर बाळाला पाजू नकोस' असे आपल्या मनाने सांगू नका आणि बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद करायलाही लावू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत झुरानोलोन नावाची खास या आजारासाठीची गोळी मंजूर झाली. ती चौदा दिवस रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्यायची असते. गुंगी येते, म्हणून गोळीनंतर बारा तास गाडी चालवायची नाही. कोणते औषध कोणाला योग्य, हे डॉक्टरच ठरवतील.

आपण काय करायचे

पहिले, झोप. तिला रात्री सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावा. एक वेळचे पाजणे आजोबांनी बाटलीने केले तरी चालते. बाळंतिणीच्या झोपेपुढे स्वयंपाकघरातली भांडी थांबू शकतात.

दुसरे, शब्द. 'एवढे गोंडस बाळ आहे, मग रडतेस काय?' हा प्रश्न विचारू नका. हन्नाची गोष्ट आपण रोश हशानाला ऐकतो. ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटले की ती मद्य प्यायली आहे. ती म्हणाली, मी दुःखी बाई आहे, आणि मग त्याने तिला आशीर्वाद देऊन शांतीने पाठवले. आपणही आधी ऐकून घ्यावे. 'तुला कसे वाटते ते मला सांग, मी कोणाला बोलणार नाही,' एवढे पुरे. मात्र मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलली, तर ते गुपित ठेवायचे नाही. 'मरावेसे वाटते का?' असे सरळ विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात येत नाही. उलट तिला बोलायला वाट मिळते.

तिसरे, जावई आणि मुलगा. दहांपैकी साधारण एका नव्या बापालाही नैराश्य येते. तो रडत नाही, चिडतो, उशिरापर्यंत कामावर थांबतो, नाही तर दारूकडे वळतो. त्याचीही विचारपूस करा.

चौथे, शब्बाथ. कोणी विचारेल, शनिवारी फोन कसा करायचा? आपल्या धर्मशास्त्राने बाळंतिणीला पहिले तीन दिवस जिवाच्या धोक्यातली रुग्ण मानले आहे आणि जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला आज्ञाच दिली आहे. मनाचा आजार जिवावर बेतला तर तोही त्यातच आला.

हे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. अमेरिकेत बाळंतिणींसाठी सरकारी मोफत फोन १-८३३-८५२-६२६२. तो मे २०२२ पासून दिवसरात्र चालू असतो. बोलणे इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होते, इतर भाषांसाठी दुभाषा मागता येतो. आजी-आजोबांनीही तिथे फोन करून सल्ला विचारला तर चालतो. आत्महत्येचे विचार असतील तर ९८८. जिवाला धोका असेल तर ९११. भारतात कोणाला गरज पडली तर टेलिमानस, क्रमांक १४४१६, तिथे मराठीत बोलता येते.

अमेरिकेला जाताना डिंकाचे लाडू जरूर न्या. पोचल्यावर मुलीला एकदा तरी एकटीला जवळ बसवून विचारा, 'बाळ कसे आहे ते मी पाहते आहे, पण तू कशी आहेस?' आणि ती उत्तर देईपर्यंत काही बोलू नका.