लिव्हरपूलचं गाणं मुळात फुटबॉलचं नव्हतंच!

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलण्यातला फाफटपसारा तेवढा कापलाय.

आजचा प्रश्न असा: लिव्हरपूलची मॅच सुरू व्हायच्या आधी अख्खं अ‍ॅनफील्ड स्टेडियम लाल मफलर वर धरून जे संथ गाणं म्हणतं, ते आलं कुठून? क्लबनं कुणाकडून लिहून घेतलं का? तर नाही. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’मध्ये फुटबॉल नाही, गोल नाही, लिव्हरपूलचं नावसुद्धा नाही. पुण्यात स्क्रीनिंगला आपण ते विजयगीतासारखं बेंबीच्या देठापासून ओरडतो, पण मुळात ते सांत्वनाचं गाणं आहे.

सुरुवात होते न्यूयॉर्कमध्ये. १९ एप्रिल १९४५ ला ब्रॉडवेवर ‘कॅरोसेल’ हे संगीत नाटक आलं. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. मूळ कथा फेरेन्स मोलनार या हंगेरियन लेखकाच्या १९०९ च्या ‘लिलिओम’ नाटकाची. नायक बिली जत्रेतल्या घोड्यांच्या पाळण्यावर गिऱ्हाइकं बोलवायचं काम करतो. चोरीचा डाव फसतो आणि त्यात तो मरतो. बायको ज्युली गरोदर. तिला धीर द्यायला तिच्या नात्यातली नेटी हे गाणं म्हणते. युरोपातलं युद्ध तेव्हा संपलेलंही नव्हतं. ज्यांच्या घरातलं कुणी आघाडीवर आहे, अशा प्रेक्षकांना ते कसं भिडलं असेल, विचार करा.

आता थेट १९६३, लिव्हरपूल. बीटल्सचं शहर. तिथलाच दुसरा बँड ‘गेरी अँड द पेसमेकर्स’. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन, प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन, म्हणजे दोघंही बीटल्सचेच. पहिली दोन गाणी उडत्या चालीची, दोन्ही नंबर एक. तिसऱ्या वेळी गायक गेरी मार्सडेननं हे नाटकातलं संथ गाणं घेतलं. नोव्हेंबरात तेही नंबर एक! पहिली तिन्ही गाणी ब्रिटिश चार्टवर पहिली येणारा हा पहिलाच बँड.

त्या काळी अ‍ॅनफील्डवर मॅचआधी लाउडस्पीकरवर चार्टमधली टॉप टेन गाणी वाजवायचे. ‘कॉप’ नावाच्या बाजूला हजारो लोक दाटीवाटीनं उभे असायचे आणि ते सोबत गायचे. चार्ट बदलायचा, तशी गाणीही बदलायची. हे गाणं मात्र यादीतून खाली उतरलं तरी लोकांनी सोडलं नाही. सर्वात जास्त सांगितली जाते ती ही हकीकत. दुसरी कथा अशी, की गेरीनं रेकॉर्ड आधीच मॅनेजर बिल शँक्लींना दिली होती आणि त्यांना ती फार आवडली. काही असो, शँक्लींनी आदेश काढून एवढ्या लोकांना गायला लावलं नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे फीचर कुणी प्लॅन केलं नव्हतं, ते युजर्सनी बनवलं.

पण हेच गाणं का टिकलं? एक कारण मला इंजिनिअर म्हणून पटतं: लेटन्सी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाची लांबी शंभरेक मीटर. म्हणजे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद लागतो. उडत्या चालीच्या गाण्याचा एवढ्यात चक्क खिमा होतो. संथ आणि लांब सुरांच्या गाण्यात ही चूक विरघळून जाते. शिवाय चाल खालच्या सुरात सुरू होते आणि हळूहळू चढत जाते, त्यामुळे बेसुऱ्या माणसालाही सोबत चढता येतं.

१९६५ च्या एफए कपच्या फायनलला वेम्ब्लीवर लिव्हरपूलनं लीड्सला २-१ हरवलं, तेव्हा हे गाणं लिव्हरपूलची ओळख बनलेलं होतं. क्लबनं ते शब्द लोखंडात कोरले बऱ्याच उशिरा, १९८२ च्या ‘शँक्ली गेट्स’वर.

आणि मग १५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, एफए कपची सेमीफायनल. जाळीबंद स्टँडमध्ये प्रमाणाबाहेर गर्दी झाली आणि चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते गेले. मृतांचा आकडा आज ९७ आहे. चारच दिवसांनी मिलानमध्ये एसी मिलान आणि रिअल माद्रिदची मॅच थांबवून मौन पाळलं गेलं, तेव्हा मिलानच्या चाहत्यांनी हेच गाणं म्हटलं. लिव्हरपूलशी घेणंदेणं नसलेली ती माणसं!

पोलिसांनी दोष चाहत्यांवरच ढकलला होता. कुटुंबं सत्तावीस वर्षं लढली. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला: या मृत्यूंना चाहते जबाबदार नव्हते, पोलिसांच्या कारभारातल्या गंभीर चुका कारणीभूत होत्या. कोर्टाबाहेर त्या आया, बाप, भावंडं एकमेकांना धरून हेच गाणं गायली.

म्हणजे बघा, नाटकात जे गाणं मागे राहिलेल्या बाईसाठी होतं, ते मध्ये फिरून आलं आणि पुन्हा मागे राहिलेल्यांचंच झालं. सेल्टिक आणि डॉर्टमुंडचे चाहतेही आज ते गातात. हल्ली क्लब एजन्सीकडून ‘ऑफिशियल अँथम’ बनवून घेतात, आणि सीझन संपता संपता ते कुणाला आठवत नाही. चाल विकत मिळते. वाईट दिवशी ती म्हणणारी माणसं विकत मिळत नाहीत.

पुढच्या भागासाठी तुमच्या आवडत्या क्लबचं गाणं सुचवा. भेटूच!