सज्जातील चित्रे आणि १६ ऑगस्ट

कलकत्त्याच्या मैदानावर ज्यांची स्पर्धा शंभर वर्षांहून जुनी आहे, त्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन संघांची गाठ सॉल्ट लेकच्या विवेकानंद युवभारती क्रीडांगणावर ज्या दिवशी पडते, त्या दिवशी सामन्याची शिट्टी वाजण्यापूर्वीच सज्जांवर एक चित्रप्रदर्शन मांडले जाते: शेकडो हातांनी एकाच क्षणी उलगडलेले, कधी शंभर फुटांपर्यंत पसरलेले रंगीत कापड, आणि त्यावर संघाचे जुने नायक, हिरव्या-मरून रंगांतील शिडाची नौका किंवा लाल-सोनेरी रंगांतील पेटती मशाल. फुटबॉलच्या जगात अशा चित्राला ‘टिफो’ म्हणतात. ही प्रथा इटलीतून आलेली असली, तरी जेथे दुर्गापूजेचा मंडप मोहल्ल्याच्या वर्गणीतून दरवर्षी नव्याने उभा राहतो, त्या नगरीत ती परकी राहिली नाही.

हे काम बहुधा समर्थकांचेच असते. कोणी कागदावर किंवा संगणकावर मूळ रेखाटन करतो. ते मंडळींत फिरते, त्यावर वाद होतात, नायकाची मुद्रा पुरेशी करारी नाही म्हणून ते परत पाठविले जाते. मग वर्गणी जमवायची, कापडाचे पट्टे शिवून जोडायचे, त्यांवर चौकटी आखून त्या प्रमाणात आकृती वाढवायची, मोकळ्या जागी जमिनीवर अंथरून ती रंगवायची, आणि वाळल्यावर गुंडाळून, बंदोबस्तावरील अंमलदारांची परवानगी मिळवून सज्जात न्यायची. एवढ्या खटाटोपाचे फळ दोन-चार मिनिटे दिसते, आणि चित्रकाराचे नाव त्याखाली सहसा नसते. ज्या कलेत कर्ता असा समूहात विरून जातो, तिला मी उच्च प्रतीची लोककला मानतो.

या चित्रांचा विषय नेहमी खेळच असतो असे नाही. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून त्याने आय. एफ. ए. शील्ड ही स्पर्धा जिंकली, तेव्हा पारतंत्र्यातील बंगालला तो स्वतःचा विजय वाटला. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी त्याला आपले हरवलेले गाव मानले. म्हणूनच नागरिकत्वाच्या दस्तऐवजांचा प्रश्न देशभर पेटला असता, १९ जानेवारी २०२० च्या सामन्यात ईस्ट बंगालच्या समर्थकांनी जो फलक उलगडला, त्याचा आशय, ही भूमी आम्ही रक्त देऊन मिळविली, कागद देऊन नव्हे, असा होता. निर्वासितांच्या नातवंडांनी आजोबांच्या वतीने दिलेली ती साक्ष होती.

परंतु मला अधिक मोलाची वाटते ती या उद्योगातून निर्माण होणारी व्यवस्था. कापडासाठी वर्गणी मागत जो घरोघर फिरतो, त्याला कोणाच्या घरी कोण आजारी आहे हेही ठाऊक होते. चित्राचा कच्चा आराखडा ज्या वाटेने शेकडो जणांकडे पोहोचतो, त्याच वाटेने रक्ताची, औषधांची, उपचारखर्चाची याचना पोहोचते, आणि मागणारा तेथे अनोळखी नसतो. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळाने दक्षिण बंगाल उद्ध्वस्त केला, तेव्हा टाळेबंदीच्या काळातही दोन्ही संघांची समर्थक मंडळे मदतकार्यात उतरली, ती याच ओळखीच्या बळावर.

या मदतीच्या मुळाशी एक जखम आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा कलकत्ता लीगचा सामना चालू असता मैदानातील चकमकीचे लोण प्रेक्षकांत पसरले, सज्जात हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली, आणि खेळ पाहावयास आलेले सोळा जण घरी परतले नाहीत. एवढ्या दुःखानंतर शोकसभा भरवून, ठराव लिहून प्रकरण दफ्तरी दाखल करता आले असते. तसे न करता इंडियन फुटबॉल असोसिएशनने तो दिवस ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळावयाचे ठरविले, आणि त्या दिवशी रक्तदान करण्याचा प्रघात पडला. स्मारकाची याहून योग्य कल्पना मला सुचत नाही: ज्या तारखेला द्वेषापायी रक्त सांडले, त्याच तारखेला ते अनोळखी रुग्णासाठी स्वेच्छेने दिले जावे.

चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा ऑगस्टचाच महिना होता. ९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. सारे शहर संतापलेले असता, १८ तारखेचा याच दोन संघांचा ड्युरँड चषकाचा सामना पुरेशा बंदोबस्ताअभावी रद्द करण्यात आला. सामना नसतानाही समर्थक क्रीडांगणाबाहेर आपापले झेंडे घेऊन जमले. शहरातील तिसऱ्या संघाचे, मोहम्मेडन स्पोर्टिंगचे समर्थकही आले. न्यायाची मागणी तिघांनी एका स्वरात केली, एका संघाच्या समर्थकाने दुसऱ्या संघाच्या समर्थकाला खांद्यावर घेतले, आणि पोलिसांनी लाठ्या उगारल्या तेव्हा त्या झेलतानाही कोण कोणत्या रंगाचा, हे कोणी विचारले नाही. स्पर्धेच्या दप्तरात त्या सामन्यापुढे दोन्ही संघांना एकेक गुण नोंदविला आहे.