भरवसा गेला की बाजार जातो

आपला कापडाचा धंदा उधारीवर चालतो. इचलकरंजीच्या मागावरून उतरलेला ताका गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तीन-चार पेढ्या हिंडतो आणि प्रत्येक पेढी पुढच्याला महिना-दोन महिन्यांची मुदत देते. दोन महिन्यांनीही रस्ता चालू असेल, दुकान उघडे असेल, या भरवशावरच ही मुदत दिली जाते.

हा भरवसा कसा डळमळतो, ते आम्ही कोल्हापूरकरांनी ७ जून २०२३ रोजी पाहिले. समाजमाध्यमांवरील मजकुरावरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. दुकाने लवकरच उघडली. पण बाहेरगावचा बिचकलेला व्यापारी इतक्या लवकर परतत नाही.

ही काही दिवसांची गोष्ट. हीच धास्ती चाळीस वर्षे राहिली तर काय होते, ते आपल्याच राज्यातील गडचिरोलीत दिसते. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या या भागात शिरल्या. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. बांबू, तेंदूपत्ता, लोहखनिज, दौलत कमी नव्हती. जंगल आदिवासींचे आणि नफा ठेकेदाराचा, हा अन्यायही खरा होता. परंतु पुढे त्याच ठेकेदारांकडून खंडणी घेतली जाऊ लागली. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागड खाणीवरील ट्रक जाळण्यात आले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले.

जळालेल्या ट्रकची किंमत पंचनाम्यात येते, भीतीमुळे न आलेल्या ट्रकची येत नाही. वाहतूकदार भाडे वाढवतो किंवा नकार देतो. पेढी उधारी बंद करून रोख मागते. छोटा दुकानदार माल कमी ठेवतो. शेवटी चढा भाव मोजते ती आठवडे बाजारात लुगडे घेणारी गरीब बाई. बंदूक तिच्या हक्कासाठी उचलल्याचे सांगितले गेले, भुर्दंड मात्र तिनेच भरला.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ही चांगली गोष्ट आहे. परंतु खाणीच्या कमाईतून तेथील माणसाला रोजगार आणि जंगलावरचा हक्क मिळाला, तरच बाजार उभा राहील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपणही सावध राहावे. दुकानाच्या विम्यात दंगल व मोडतोडीची भरपाई आहे का, ते पाहून घ्यावे. साठ्याच्या नोंदीची एक प्रत घरी ठेवावी. अफवा उठताच शेजारच्या दुकानदाराला, तो कोणत्याही समाजाचा असो, आधी फोन करावा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तेथे सर्व जातीधर्मांचे व्यापारी नांदले. तो अमन राखणे हाही आपल्या कारोबाराचाच भाग आहे.