दोन कामांच्या मध्ये लेझर कटर गार ठेवताना

गणपती जवळ आले की घरगुती लेझर कटरला उसंत मिळत नाही. एमडीएफच्या मखरांची कामं एकामागून एक येतात, आणि बाहेर श्रावणाची दमट हवा. अशा वेळी नळी टिकते की तडकते, हे दोन कामांमधल्या दहा-पंधरा मिनिटांत आपण काय करतो यावर बरंच ठरतं. इथे 40 वॅटची, काचेची कार्बन डायऑक्साइड नळी असलेलं छोटं यंत्र धरून चालू.

नळीला दिलेल्या विजेचा जेमतेम दहावा हिस्सा किरणात उतरतो. उरलेली तीन-साडेतीनशे वॅट उष्णता नळीभोवतीच्या काचेच्या कप्प्यातून फिरणारं पाणी वाहून नेतं. हे डिस्टिल्ड पाणी पंप एका बादलीतून फिरवतो. बादलीत 20 लिटर पाणी असेल आणि किरण सलग चालू असेल, तर दर चार-पाच मिनिटांना पाणी एक अंशाने तापतं.

म्हणून काम संपलं तरी पंप बंद करू नये. सर्वांत जास्त चूक इथेच होते. तापलेल्या काचेभोवती पाणी थांबून राहतं, आणि घाईत पुढचं काम पंप न लावताच सुरू होतं. पंप निदान दहा मिनिटं चालू राहू द्यावा. पाणी वाहत नसेल तर किरण सुरूच होऊ न देणारा प्रवाह-खटका मिळतो. तो जरूर बसवून घ्यावा.

पंप चालू असतानाच बाहेरून नळी नीट न्याहाळावी. आत बुडबुडा अडकलेला दिसला, तर तिथल्या काचेला पाणी लागत नाही आणि तडा तिथूनच जातो. यंत्राची एक बाजू किंचित उचलून, पाण्याचा पाईप दाबून सोडला की बुडबुडा सहसा निघून जातो.

मग बादलीतलं तापमान बघावं. माशांच्या टाकीचा साधा थर्मामीटरही चालतो. पाणी 15 ते 25 अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. 30च्या पुढे गेलं तर थांबावं. पाणी तापलं की किरण अशक्त होतो आणि कट आरपार जात नाही. तेव्हा करंट वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्याने नळीचं आयुष्य घटतं.

पाणी गार करायला बर्फाची घट्ट बंद बाटली बादलीत सोडावी. सुटा बर्फ टाकू नये. नळाच्या पाण्यातले क्षार त्यातून डिस्टिल्ड पाण्यात उतरतात आणि पाणी वीज वाहू लागतं. मीठ किंवा गाडीचा कूलंटही याच कारणासाठी नको.

पण फार गार करणंही धोक्याचं, आणि कोकणपट्टीत तर विशेष. हवेतली वाफ ज्या तापमानाला थेंब धरू लागते, तो दवबिंदू. 100मधून आर्द्रतेची टक्केवारी वजा करून आलेल्या आकड्याला 5ने भागावं आणि तो भागाकार खोलीच्या तापमानातून वजा करावा. 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण 26 निघतो. याहून गार पाणी फिरवलं तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी नळी बाहेरून घामेजते. नळीला तर हजारो व्होल्ट जोडलेले असतात. ओल्या काचेवरून ठिणगी उडायला वेळ लागत नाही.

अशा दिवसांत पाणी 27-28 अंशांवर राखावं, करंट कमी ठेवावा आणि दोन कामांत जास्त अंतर सोडावं. खोलीत एसी असेल तर तो आधी तासभर चालवावा. हवा गार आणि कोरडी झाली की पाणीही आणखी गार ठेवता येतं.

पाणी गार करणारा चिलर घ्यायचा झाल्यास त्यात कॉम्प्रेसर आहे ना, हे विचारून घ्यावं. नुसत्या पंख्याचा चिलर पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात त्याचा उपयोग नाही.

बादली गडद रंगाची, झाकणाची असावी, म्हणजे शेवाळ धरत नाही. पाणी गढूळ वा हिरवट दिसताच बदलावं. नळीचा कप्पा उघडायची वेळ आली तर आधी यंत्राचा प्लग काढावा आणि काही वेळ जाऊ द्यावा, कारण वीज तोडल्यावरही विद्युतदाब लगेच उतरत नाही.